स्टॅनलीचे पुढचे दात

कॅथरीनने जन्मभर लोकांची तोंडं तपासली, पण स्वतःच्या नवऱ्याचं तोंड तिने आतून पाहिलं ते हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हा. स्टॅनलीच्या हृदयातली एक झडप कडक झाली होती. जिना चढला की त्याला धाप लागायची, आणि नाताळ उलटल्यावर एका सकाळी तो शारजातल्या रोल्लाच्या भाजीबाजारात दुधी निवडता निवडता चक्कर येऊन पडला. झडप बदलायची ठरली. डॉक्टर राजन म्हणाले, "आधी दातांचा दाखला आणा. तोंडात कुठे पू असेल तर ते जंतू रक्तातून सरळ झडपेवर जाऊन बसतात. मला तोंड साफ हवं, शंका नको." मग कॅथरीनकडे बघून हसले. "हे तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा."

कॅथरीनला हसू आलं नाही. तिने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

ती रोल्लाच्याच एका डेंटल क्लिनिकमध्ये हायजिनिस्ट होती. हायजिनिस्ट म्हणजे काय, हे तिला आयुष्यभर सांगत बसावं लागलं. डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. दात भरणारी नाही, काढणारी तर नाहीच. दातांवर दगडासारखं चढलेलं कीटण काढायचं, हिरडी दातापासून किती सुटली आहे ते बारीक सळईने मोजायचं, आणि समोरच्याच्या हातात आरसा देऊन त्याला त्याचंच तोंड दाखवायचं: हे बघा, इथे तुमचा ब्रश पोचत नाही. वसईला तिच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून लोकांना दात घासायला शिकवते. त्याचा पगार देतात तिकडे." शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. कॅथरीनही हसायची. दुखणं झालंच नाही तर ते कुणामुळे झालं नाही हे कोण विचारतो, हे तिला तेव्हाच कळून चुकलं होतं.

शिकली ती मुंबईच्या सरकारी डेंटल कॉलेजात, दोन वर्षांच्या कोर्सला. भायखळ्याला सिस्टरांच्या होस्टेलात राहायची. तळमजल्यावर त्यांचा वर्ग होता आणि अनुपमा मॅडम नावाच्या एक उंच, किडकिडीत बाई शिकवायच्या. पहिले काही महिने माणसाच्या तोंडाला हातच लावायचा नाही. प्लास्टरच्या जबड्यात खरे, काढलेले दात बसवलेले असत. त्यांच्या मुळांवर मॅडम लाल नेलपॉलिश लावून सुकवायच्या आणि म्हणायच्या, काढा, पण दाताला ओरखडा आला तर पुन्हा पहिल्यापासून. करंगळीशेजारचं बोट बाजूच्या दातावर टेकवायचं म्हणजे हात घसरत नाही. मग त्या डोळ्यांवर रुमाल बांधायच्या. "हिरडीच्या खाली दिसणार नाहीच आहे काही. बोटांनी बघायला शिका." आणि रोज एक वाक्य ठरलेलं: "दात काढायला वरच्या मजल्यावर पुष्कळ लोक बसलेत. तुमच्या हातून एकही दात वर जाता कामा नये."

कॅथरीनने ते वाक्य मंत्रासारखं जपलं. शारजात ती आली तेव्हा रोल्ला म्हणजे झाडाखालची बाकडी, कॅसेटची दुकानं आणि फोन लावायला रांगेत उभे असलेले केरळी लोक. त्या काळात दातांच्या दवाखान्यात दात काढून घेण्यापलीकडे कुणी येत नसे. तिने लोकांना साफ करून घ्यायला शिकवलं. दुबईच्या मुहैस्नाह वस्तीतल्या कामगारांसाठी शिबिरं भरायची तिथे ती जायची, गुटखा खाऊन तोंड उघडेनासं झालेल्या पोरांशी हिंदीत भांडायची. आणि प्रत्येकाची एकच भीती: "मॅडम, क्लीनिंग करने से दाँत हिलते हैं ना?" वसईचा असो की पेशावरचा, शंका तीच. कॅथरीनचं उत्तर तोंडपाठ होतं. नाही हलत. कीटणाने हिरडी सोडलेली असते म्हणून हलतात. कीटण हा तुमचा मित्र नाही.

हे सगळ्यांना पटवलं, फक्त घरातल्या एका माणसाला नाही पटलं.

स्टॅनली वसईतल्या भुईगावचा. लग्नांत वाजवणाऱ्या ब्रास बँडमध्ये त्याने पोरवयात ट्रंपेट धरला आणि त्याच ट्रंपेटवर तो दुबईच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये आला. पांढरा कोट, काळा बो. कॅथरीनला त्याने पहिल्यांदा भेटायला बोलावलं तेही स्टेजच्या मागे, किचनच्या दारात. पुढे हॉटेलवाल्यांनी बँड बंद करून एक मुलगा आणि एक कॉम्प्युटर ठेवला, आणि स्टॅनलीला स्टोअरमध्ये टाकलं. टेबलक्लॉथ मोजत त्याची उरलेली नोकरी गेली. आता निवृत्त झाल्यावर ट्रंपेट निघायचा तो चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे मराठीतली उपासना, असली की.

आणि ट्रंपेट वाजवणाऱ्याचं सगळं पुढच्या दातांवर असतं. ओठ माउथपीसला टेकतो, पण ओठाला मागून आधार दातांचा. भुईगावच्या बँडचे कॅस्मिर मास्तर, स्टॅनलीचे गुरू, एकदा गावातल्या शिबिरात दात साफ करून आले. वर्षभरात त्यांचे पुढचे दात हलायला लागले, वरचा सूर निसटायला लागला, आणि शेवटी ट्रंपेट पेटीत गेला तो गेलाच. बँडमधल्या सगळ्यांनी कानाला खडा लावला. कॅथरीनने किती सांगितलं की मास्तरांच्या हिरड्या आधीच गेल्या असतील. स्टॅनली म्हणायचा, "कॅथी, तुझ्या खुर्चीत सगळी शारजा बसव. मला सोड."

तिने सोडलं. सुरुवातीला भांडून आणि नंतर न भांडता. तो बाथरूमचं दार लावून दात घासायचा. मिशी वाढवली. फोटोत ओठ मिटून हसायला लागला, पेरू सुरीने कापून खायला लागला. हायजिनिस्टला एवढ्यावरून सगळं कळतं. रात्री उशीवर शेजारी येणाऱ्या वासावरून तर कळतंच. पण तिला वाटायचं, माणसाचं एक दार बंद असलं तर असू द्यावं. आपल्याच संसारात आपण इन्स्पेक्टर होऊ नये.

तर चिठ्ठी आली आणि दार उघडावं लागलं.

क्लिनिकच्या जेवणाच्या सुट्टीत ती त्याला घेऊन आली. तो खुर्चीत पडला तेव्हा पाय पुढे लोंबत होते. मूळचा उंच माणूस.

"डोकं मागे घे."

"तुझे हात थंड आहेत."

"ग्लोव्हज आहेत."

"तरी थंड आहेत."

"आता बोलायचं नाही. तोंड उघड."

"लग्नापासून तू हेच सांगतेस. बोलू नको, तोंड उघड. एकाच वेळी दोन्ही कसं करायचं?"

पण त्याने उघडलं. कॅथरीनने दिवा खाली ओढला.

मागच्या दाढा कामातून गेल्याच होत्या, हिरडी दाबली की पू येत होता. ते तिने अपेक्षिलं होतं. पुढे मात्र ती थांबली. खालच्या पटाशीच्या दातांमागे कीटणाचा सलग कट्टा तयार झाला होता, अर्नाळ्याच्या खडकांवर कालवं चिकटून बसतात तसा. सगळे दात एकमेकांना जोडले गेलेले. वरच्या दातांचं तेच. तिने सळई हिरडीखाली घातली तर ती नको तितकी आत गेली. मग दोन बोटांनी तिने एकेक दात हलवून पाहिला. एकही हलला नाही. तिला बरं वाटलं. का हलत नाहीत हे तिला तेव्हाच सुचायला हवं होतं, पण बाईला जे हवं असतं ते आधी दिसतं.

डॉक्टर नबिला आल्या. क्लिनिकच्या मुख्य दंतवैद्य, कराचीच्या, कॅथरीनपेक्षा वयाने बऱ्याच लहान आणि तिला मान देणाऱ्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"कॅथरीन, दाढ़ें तो आज ही जाएँगी. और आगे के भी. सब."

"पुढचे मला द्या," कॅथरीन म्हणाली. "मैं साफ करूँगी. थोडे हफ्ते द्या मला. हिरडी धरेल."

"हड्डी देखिए. कहाँ पकड़ेगी?"

"यापेक्षा वाईट केसेस मी वाचवल्यात. तुम्हीच पाहिल्यात."

"पाहिल्यात," नबिला म्हणाल्या. एवढं मराठी त्यांना कॅथरीनच्या सहवासात येत होतं. "लेकिन उनके दिल का ऑपरेशन नहीं था. आपका मरीज़ होता तो आप यही कहतीं?"

"यही कहती. रोज यही कहती हूँ."

हे खरं होतं.

तेवढ्यात खुर्चीतून स्टॅनली म्हणाला, "डॉक्टरसाब, ईस्टर के बाद ले लो ना. ईस्टर को बजाना है. उसके बाद जो चाहिए ले लो, जबान भी ले लो, बीवी आपको दुआ देगी."

हे नबिलांना समजावून सांगावं लागलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, त्यात चर्चमध्ये वाद्यं जवळजवळ गप्प असतात. ईस्टरच्या सकाळी ग्लोरिया हे स्तोत्र सुरू झालं की घंटा वाजतात आणि पहिला सूर ट्रंपेटचा. वसईला हा मान बँडमास्तरचा. इथे, शारजात, आपली मराठी माणसं जमायला लागल्यापासून तो स्टॅनलीचा होता. हॉटेलचा बँड बंद झाला त्या वर्षीही तो वाजवायला गेला होता. आता ऑपरेशन झालं की छातीचं हाड जुळेपर्यंत फुंकता येणार नाही, आणि दात गेले तर कधीच नाही.

"कवळी लावून?" नबिलांनी विचारलं.

"पहिल्या सुराला कवळी फादरच्या अंगावर," स्टॅनली म्हणाला.

नबिला हसल्या, आणि तिथेच त्या हरल्या. त्यांनी त्याच आठवड्यात दाढा काढल्या आणि पुढच्यांसाठी "बघू" म्हणाल्या.

डॉक्टर राजन हसणारे नव्हते. त्यांच्याकडे राखेच्या बुधवारच्या आसपासची तारीख होती. ती पुढे ढकलायची म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"झडप तोवर कळ काढेल कदाचित. मी थांबलो नसतो," ते म्हणाले. "मला फक्त एक सांगा. तेवढे दिवस तोंडाची खात्री कोण देणार?"

"मी देते," कॅथरीन म्हणाली.

बाहेर येताना तिला आपला आवाज अनुपमा मॅडमसारखा वाटला होता. इतक्या वर्षांत तिला कुणी खात्री मागितली नव्हती. ती ब्रश कसा धरायचा हे सांगणारी बाई होती. आज एका हार्ट सर्जनने तिच्या शब्दावर तारीख बदलली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला थोडा अभिमान वाटला.

मुलगी मरिसा अबुधाबीला खलिफा सिटीत राहायची. तिचा फोन आला. "ममा, दे आर जस्ट टीथ. पीपल लिव्ह विदाउट टीथ."

"तुझा बाबा नाही राहणार."

"डॅडा विल सल्क फॉर अ मंथ अँड गेट ओव्हर इट. तू त्याला एन्करेज करू नको, प्लीज."

"मी माझं काम करतेय, मरिसा."

मरिसा म्हणाली, "ओके. यू नो बेस्ट." हे ती मनापासून म्हणाली की रागाने, कॅथरीनला कळलं नाही.

उपवासकाळातले ते पहिले आठवडे, आता सांगताना विचित्र वाटेल, पण त्या दोघांच्या फार दिवसांत न आलेल्या सुखाचे होते. प्रत्येक वेळी आधी नबिलांनी लिहून दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, मग खुर्ची. कॅथरीन एका वेळी थोडंच काढायची. कीटणाचा पहिला मोठा तुकडा सुटून ताटलीत टक्कन पडला तेव्हा स्टॅनलीने तो बघायला मागितला.

"हे माझ्या तोंडात होतं?"

"हो."

"एवढ्यात कंपाउंडची भिंत झाली असती." थोड्या वेळाने गुळणी करून म्हणाला, "कोळीण खवलं काढते तसं काढतेस. पण दुखत नाही हां. लोक तुला उगाच घाबरतात."

घरी बाथरूमचं दार आता उघडं असायचं. आरशासमोर ती त्याच्या मागे उभी राहून त्याचा हात धरायची. ब्रश असा तिरका, केस हिरडीच्या कडेला, छोटं छोटं हलवायचं, घासायचं नाही. जे तिने हजारो लोकांना शिकवलं ते तिने त्याला शिकवलं, आणि तो शिकला. हिरडीचं रक्त थांबलं. हिरड्यांचा जांभळा रंग जाऊन गुलाबी आला. तोंडाचा वास गेला. एका संध्याकाळी तो टीव्ही बघता बघता सहज तिच्याकडे वळून हसला, दात दाखवून, आणि तिला किचनच्या दारातला पांढऱ्या कोटातला मुलगा दिसला. ती उगाच भांडी लावायला उठून गेली.

मग हलणं सुरू झालं.

आधी त्याने सांगितलं नाही. पावाचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायला गेला आणि थबकला. पाव खाली ठेवून त्याने चहा पिऊन टाकला. कॅथरीनने पाहिलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत तिने दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये खालचा दात धरला. दात पुढे गेला, मागे आला. शेजारचाही. वरचे दोन तर तिच्या श्वासानेही हलतील असं वाटलं.

तेव्हा तिला सुचलं. दगडानेच दात धरून ठेवले होते. हिरडी आणि हाड कधीच सोडून गेलं होतं. त्या घाणेरड्या कट्ट्याने सगळ्यांना एकत्र बांधून उभं ठेवलं होतं, आणि तो कट्टा तिने आपल्या हातांनी, नीट, एकही ओरखडा न येऊ देता काढून टाकला होता. कॅस्मिर मास्तरांचं असंच झालं असेल. बँडमधले सगळे अडाणी लोक त्या एका माणसाबद्दल बरोबर होते.

"हलतायत ना?" स्टॅनलीने विचारलं.

"हिरडी घट्ट व्हायला वेळ लागतो," ती म्हणाली. "सगळ्यांचं सुरुवातीला असं होतं."

सगळ्यांचं होत नाही. काहींचं होतं, आणि त्यातल्या काहींची हिरडी घट्ट होतेही. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी तिने डॉक्टर राजनना फोन करायला हवा होता, आणि ती नबिलांकडे गेली. नबिलांनी दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवून दिली. चिकटवताना एवढंच म्हणाल्या, "अब भी निकाल सकते हैं, कॅथरीन. कल. कोई कुछ नहीं कहेगा."

"ईस्टर होऊ दे."

"इन्शाल्ला," नबिला म्हणाल्या. त्या सहसा असं म्हणत नसत.

स्टॅनली रोज दुपारी ट्रंपेटच्या तोंडाला बोळा लावून बेडरूममध्ये सराव करायचा. वरच्या मजल्यावरच्या साजिदाबाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "भाईसाहब की तबीयत कैसी है? बाजा सुना, तो लगा अच्छी है." तो घामाघूम होऊन बाहेर यायचा. कॅथरीनला वाटायचं, झडपेमुळे दमला. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी तो मिरवणुकीत चालला नाही, बाकावर बसून राहिला, हातातली झावळी मांडीवर. तिने कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं.

"काय बघतेस? जिवंत आहे."

"बघतेय ताप आहे का."

"तापबीप काही नाही. यल्ला, जा, रांग पुढे गेली."

ईस्टरच्या सकाळी चर्चचं आवार भरून गेलं होतं. केरळची मिस्सा संपून बाहेर पडणारे, आपली आत जाणारी, पांढरे फ्रॉक घातलेल्या पोरी. मरिसा आली होती. स्टॅनलीने जुना पांढरा कोट इस्त्री करून घातला होता, तो खांद्यावर ढगळ झाला होता. कॅथरीन कॉयरच्या मागच्या बाकावर बसली, तिथून तिला त्याची पाठ आणि गालाची एक बाजू दिसत होती.

ग्लोरिया सुरू झाला. घंटा वाजल्या. त्याने ट्रंपेट उचलला.

पहिले सूर आले. चांगले आले. मरिसाने आईचा हात दाबला. मग चाल वर चढते त्या जागी सूर लागलाच नाही; नुसती हवा आली, सायकलच्या चाकातून निघते तशी. त्याने ट्रंपेट खाली घेतला, ओठ पुसले, पुन्हा लावला. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा त्याने लावला नाही. कीबोर्डवरच्या बाईने आवाज वाढवला, कॉयरने सूर उचलून धरला, आणि मिस्सा पुढे गेली, कारण मिस्सा कुणासाठी थांबत नाही. स्टॅनली ट्रंपेट मांडीवर घेऊन बसला होता. माउथपीसवर रक्त होतं. तार तुटली होती.

नंतर आवारात केक वाटताना लोक येऊन हात मिळवून गेले. "हॅपी ईस्टर, स्टॅनली अंकल. मस्त." त्या सुराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शारजातली आपली माणसं चांगली होती, हीच त्यातली अडचण.

गाडीत तो म्हणाला, "खलास." दुसरं काही नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याचे दात वाजायला लागले. मरिसाने एसी बंद केला तरी वाजतच राहिले.

घरी ताप मोजला तर तो भयंकर होता. ट्रंपेट ठेवायला पेटी उघडली तेव्हा कॅथरीनला फडक्याखाली पॅनाडॉल या तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. झावळ्यांच्या रविवारच्या आधीपासून तो गोळ्या घेत होता. ताप आहे म्हटलं असतं तर तिने त्याच दिवशी दात काढायला लावले असते, म्हणून.

"तू कपाळाला हात लावणार हे मला माहीत होतं," तो थंडीने कुडकुडत म्हणाला. "म्हणून मिस्सेच्या आधी दोन घ्यायचो."

तिने पाकिटं गोळा केली. रागवायला तरी कुणावर रागवायचं?

हॉस्पिटलात रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली. डॉक्टर राजननी दोघींना बाहेर बोलावलं. झडपेवर जंतू वाढले होते, गाठ होऊन लोंबत होते. किडन्याही ढिल्या पडल्या होत्या. आता छाती उघडली तर माणूस टेबलावरून परत येईल असं त्यांना वाटत नव्हतं. आधी ताप उतरायला हवा, रक्त साफ व्हायला हवं.

"जंतू तोंडातलेच?" कॅथरीनने विचारलं.

"तोंडातलेच."

"कधीपासून?"

"ते सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मला भेटायच्या आधीपासूनही असतील." ते सज्जन होते. खात्रीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि म्हणूनच तिला त्यांच्याकडे बघवेना.

मरिसा भिंतीला टेकून उभी होती. "हू डिसाइडेड टू वेट, ममा?"

"मी."

"तू नाही, मी," आतून स्टॅनलीचा आवाज आला. पडदा अर्धा उघडा होता. "मी म्हटलं ईस्टरला वाजवायचं."

"तुझं कोण ऐकत होतं?" कॅथरीन म्हणाली. "मी ठरवलं."

मरिसा रडायला लागली. कॅथरीन तिच्याजवळ गेली नाही. आपण गेलो तर ती बाजूला सरकेल असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दात काढायचे ठरले. औषधं लागू पडायची तर तोंडात जंतूंचं घर राहता कामा नये. हॉस्पिटलच्या दातांच्या विभागातला एक तरुण सर्जन बेडजवळच आला. कॅथरीन नेहमीच्या सवयीने दिव्यापाशी उभी राहिली आणि रक्त ओढून घ्यायची नळी हातात घ्यायला गेली. त्याने नम्रपणे ती परत मागितली. तिचा परवाना रोल्लाच्या क्लिनिकपुरता होता. "यहाँ आप फॅमिली हैं, आंटी," तो म्हणाला आणि तिला खुर्ची दाखवली. ती उशाशी बसली.

एका दातालाही जोर लागला नाही. बोटांनी उचलावे तसे आले. ताटलीत पडलेले दात तिने पाहिले: लांब, पांढरी, गुळगुळीत मुळं, कुठेही कीटणाचा कण नाही, कुठेही ओरखडा नाही. त्या तरुणाने एक उचलून बघितला आणि सहज विचारलं, "क्लीनिंग किसने की? बहुत अच्छा काम है."

कॅथरीनने मान खाली घातली. स्टॅनली तोंडात गॉजचा बोळा धरून पडला होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं.

दुपारी ताप उतरला. मरिसा कॅन्टीनमधून चहा घेऊन आली, आईच्या हातात दिला, आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसली. वसईला कळवायचं का, कुणाला बोलवायचं का, विमानात नेता येईल का, असं ती हळू आवाजात विचारत होती. कॅथरीन हो-नाही करत होती. स्टॅनली झोपला होता. मिशीखाली ओठ आत ओढले गेले होते आणि तो एकदम त्याच्या वडिलांसारखा दिसत होता.

संध्याकाळी नर्स आली, तिने थर्मामीटर लावला. ताप पुन्हा चढला होता, काल होता तिथवर. नर्सने आकडा लिहून घेतला आणि डॉक्टरांना फोन करायला गेली. मरिसाने आईकडे पाहिलं, आता काय म्हणून. जंतू आता झडपेवर होते, आणि ताप उतरल्याशिवाय छाती उघडता येणार नव्हती. त्या तोंडात आता साफ करायला काही उरलं नव्हतं, आणि काढायलाही.